ठकूआईचा पाय

फार मागची गोष्ट. वेळशेताला तेव्हा गाडीरस्ता नव्हता. घाट उतरून तालुक्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. त्या गावात ठकू नावाची सून नांदत होती. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसानं दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण जाते, असं सगळा मुलूख मानायचा.

भाताची लावणी संपली की वाकून वाकून आखडलेल्या बाया ठकूच्या अंगणात पालथ्या पडायच्या आणि ती एकेकीच्या कमरेला पाय लावायची. असं म्हणतात, की एकाला डोलीत घालून आणलं होतं, आणि जाताना तो तीच डोली डोक्यावर घेऊन गेला. असं म्हणतात, की ती नुसती बांधावरून गेली तरी शेतातली माणसं ताठ व्हायची.

एका पावसाळ्यात तिच्या नवऱ्याच्या, हैबतीच्या कमरेत कळ आली. ठकू रोज सकाळी त्याला पाय लावायची आणि विचारायची, "कसं वाटतंय?"

"बरं आहे की. तुझा पाय लागल्यावर उसण थांबतेय होय?"

मग तो भिंत धरून उठायचा. ठकूला ते दिसायचं, आणि ती चुलीकडे तोंड फिरवायची. गावाच्या कमरा बऱ्या होतात, मग घरची कशी होणार नाही, असं तिला वाटायचं.

दिवाळीपर्यंत हैबतीचे पाय लुळे पडले. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "मणका आतून पोखरलाय. फार आधी आणायला हवं होतं."

हैबती ठकूला हळूच म्हणाला, "लोक काय म्हणाले असते गं? हिच्या घरातलीच उसण जात नाही."

माघात तो गेला.

ठकूनं अंगण बंद केलं. लोक यायचे आणि दारावरून परत जायचे. पुढच्या लावणीनंतर तिची थोरली जाऊ द्वारका कमरेवर हात ठेवून आली. जिभेची मोठी तिखट बाई.

"लावायचा नसेल तर पाय कापून दे. मी घरी नेऊन लावते."

ठकूनं पाय लावला. म्हणाली, "अक्का, उद्या सकाळी या. खरं सांगा. माझं मन राखू नका."

सकाळी द्वारका आली. "काडीचा फरक नाही. उलट पायाला मुंग्या येतायत."

दारातल्या बाया चपापल्या. ठकू मात्र तशीच उठली आणि द्वारकेला तालुक्याला न्यायला तिनं डोली मागवली.

आभाळ गडगडत होतं. पायाळूवर वीज पडते, म्हणून अशा वेळी तिला कुणी उंबरा ओलांडू देत नसे. तिनं तो ओलांडला. असं म्हणतात, की घाटभर विजा तिच्या डावी-उजवीकडे कोसळत राहिल्या, पण तिच्या अंगावर एकही आली नाही. उलट अंधारून आलेल्या पायवाटेवर त्यांनीच उजेड धरला.

द्वारकेच्या मणक्यातली गाठ वेळेवर सापडली. ती पायांनी चालत घरी आली, आणि जीभही शाबूत घेऊन आली. "खरं बोलले म्हणून वाचले, नाहीतर हिच्या पायानं मेलेच असते," असं ती ठकूदेखत सगळ्यांना सांगायची. ठकू मान डोलवायची.

म्हातारपणापर्यंत ठकूआई पाय लावत राहिली. उसण पायानं जाते की आपोआप, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मला काय ठाऊक? बहुतेकांची चार दिवसांत तशीही जाते. ज्याची जात नाही, त्याला ते बोलता आलं पाहिजे."

आजही लावणी संपली की वेळशेतात जो कुणी पायाळू असेल, तो देवळाच्या ओट्यावर बसून कमरांना पाय लावतो. दुसऱ्या सकाळी सगळ्यांनी परत यायचं असतं. "बरं आहे" हे उत्तर तिथं चालत नाही. "गेली" म्हणायचं, नाहीतर "आहे" म्हणायचं. "आहे" म्हणणाऱ्याला कुणी हसत नाही, त्याच्यासाठी ठकूआईच्या नावानं देवळामागं जीप उभी असते.

विचारायचं काम मात्र पायाळूचं नसतं. नवऱ्याला बायको विचारते, बायकोला नवरा. आणि उत्तर येईपर्यंत विचारणाऱ्यानं तोंड फिरवायचं नसतं.