दगडी घोडा आणि वहाणांचा अर्ज

विषय : सरकारी पागेतील मोतद्दारांना पायांत घालण्यास वहाणा, तसेच दरमहा दोन पायल्या जोंधळे वाढवून मिळण्याबाबत.
संदर्भ : मोतद्दार सटवाजी याचा अर्ज, अकरा वर्षांपूर्वीचा.

एका राज्यात वरील अर्ज पडून होता. त्या राज्यात मांत्रिक होते, बोलते पक्षी होते, शापित खजिने होते आणि दप्तरखानाही होता. पागेत तीनशे घोडे होते आणि त्यांची निगा राखायला चाळीस मोतद्दार. उजाडायच्या आत लीद काढायची, हरभरा भिजवायचा, पाणी भरायचे, मग खरारा. घोड्याच्या अंगात आपला चेहरा दिसेपर्यंत चोळायचे. चेहरा दिसला की तो पाहायला सवड नसे, कारण शेजारचा घोडा वाट पाहत असे. मोबदला महिना चार पायल्या जोंधळे आणि वर्षाला एक घोंगडी. घोडा आठवड्याला याहून जास्त हरभरा खाई; पण घोडा प्रदर्शनात जात असे.

प्रदर्शन वर्षातून एकदा, राजधानीच्या मैदानावर भरे. सर्वांत तेजस्वी घोड्याच्या धन्याला सोन्याचा तुरा मिळे. तो दरवर्षी राजा मुकुटसेनालाच मिळे, कारण निवाडा करणारे त्याच्या पदरी होते. खरे सांगायचे तर घोडाही तसाच होता. नक्षत्र त्याचे नाव. तांबूस अंग, चारी पाय पांढरे, कपाळावर चांदणी. जन्मल्या दिवशी तो उभा राहीना, तेव्हा सटवाजीने त्याला छातीशी धरून उभा केला होता. त्याला आता नऊ वर्षे झाली होती.

पागेच्या आढ्यावर एक साळुंकी राहत असे. ती बोलत असे, आणि बहुतेक वेळा टोचूनच बोलत असे.

"काय रे सटवाजी, नक्षत्राला दर महिन्याला नवे नाल. तुझ्या पायांत काय?"

"त्याला धावायचं असतं, बाई."

"आणि तू त्याच्यामागून उडत जातोस होय?"

सटवाजी हसे आणि टाचेतला काटा काढी.

त्या वर्षी राजाच्या मनात आले की, घोडा तेजस्वी आहेच, खोगीरही तसेच हवे. खजिन्याच्या तळघरात एक रत्नजडित खोगीर होते. त्याच्या पट्ट्यावर अक्षरे कोरलेली होती : 'ज्याने हा घोडा चोळला नाही, त्याने हे खोगीर चढवू नये.' प्रधानाने ती वाचली. नक्षी सुबक आहे, असे तो म्हणाला. प्रदर्शनाचा रिवाज असा, की धन्याने खोगीर स्वतःच्या हाताने चढवावे. राजाने ते चढवले, वर बसला, टाळ्या पडल्या आणि नक्षत्राचा दगड झाला. राजा हाडामांसाचाच राहिला, पण त्याला खोगिरावरून उतरता येईना.

वर छत्र बांधले, बाजूला शिडी लावली. प्रधान शिडीवर उभा राहून कागद वाचून दाखवू लागला. राज्यकारभार शिडीवरून चालू लागला. प्रजेला फारसा फरक जाणवला नाही.

फरक सटवाजीला जाणवला. त्याने दगडाच्या बरगडीला कान लावला. आत काळीज चालू होते, लांबून घण ऐकू यावा तसे. साळुंकी खांद्यावर येऊन बसली. या वेळी ती टोचून बोलली नाही.

"हा विरूपनाथ मांत्रिकाचा शाप. तिसऱ्या पौर्णिमेला हे काळीज थांबेल. मग राजा सुटेल, घोडा सुटणार नाही."

"राजाला ठाऊक आहे?"

"प्रधानाला ठाऊक आहे. म्हणून तर कोणी धावपळ करत नाही."

मांत्रिकाकडे कोण जाईल, अशी सरदारांना विचारणा झाली होती. एकाच्या घरी लग्न होते, एकाचा गुडघा दुखत होता, तिसऱ्याने विषयाचा सखोल अभ्यास करण्यास मुदत मागितली. सटवाजी पागेच्या दरोग्यापुढे, रायभानापुढे, जाऊन उभा राहिला.

"सरकार, मी जाऊन येतो."

"रजा मिळेल. बिनपगारी."

"जी."

"आणि निघण्याआधी नक्षत्राला खरारा करून जा. दगड असला तरी सरकारी घोडा आहे."

"तो रोज करतोच आहे, सरकार."

सात डोंगर आणि एक वाळवंट सटवाजीने अनवाणी पार केले. साळुंकी वाट दाखवत होती. आठव्या डोंगरावर तांब्याचा किल्ला होता. दारात विरूपनाथ बसला होता. त्याची दाढी पायरीवरून खाली ओघळून दरीत गेली होती.

"कोण?"

"मोतद्दार."

"राजे आले, राजपुत्र आले. मोतद्दार पहिलाच. इतका उशीर का?"

"त्यांच्याकडे घोडे होते, महाराज. मी चालत आलो."

मांत्रिकाने त्याच्या पायांकडे पाहिले आणि पाहून न पाहिल्यासारखे केले. "तीन घोडे आहेत. तिघांची सेवा कर. चुकलास तर पायरीचा दगड होशील. या सगळ्या पायऱ्या राजपुत्रांच्याच आहेत."

पहिल्या घोड्याच्या अंगावर केसांऐवजी काटे होते, बोटभर लांबीचे. त्याला खरारा करायचा होता. सटवाजीने आधी हात लावलाच नाही. तो घोड्याभोवती एकदा फिरला आणि काटे कोणत्या अंगाला वळले आहेत ते पाहून घेतले. मग मानेपासून, त्यांच्याच कलाने, हलक्या हाताने चोळू लागला. दुपारपर्यंत त्याचे तळवे रक्ताळले. संध्याकाळपर्यंत काटे आडवे पडून रेशमासारखे झाले.

दुसरा घोडा अदृश्य होता. त्याच्या उजव्या मागच्या खुरात खडा रुतला होता, तो काढायचा होता. सटवाजी डोळे मिटून उभा राहिला. डोळ्यांचा उपयोग नव्हता. घोड्याच्या घामाचा वास आला. तीन पायांवर भार टाकून उभ्या असलेल्या जनावराचा श्वास ऐकू आला. तो बोलत बोलत जवळ गेला. त्याने पाठीवर हात टेकला आणि तो न उचलता मांडीवरून खाली खुरापर्यंत नेला. खडा निघाला. अदृश्य घोडा त्याच्या मानेवर उष्ण श्वास सोडून निघून गेला.

तिसरा घोडा वाऱ्याचा. तो पृथ्वीभोवती धावत असे. त्याला दोरीवाचून थांबवायचे होते.

"आता काय करशील रे?" साळुंकी घाबरली. "याच्या मागे धावून तेरा राजपुत्र पायऱ्या झाले."

"मागे कशाला धावायचं?" सटवाजी म्हणाला. त्याने तोबऱ्यात ओंजळभर हरभरा टाकला, तोबरा दोनदा खुळखुळवला आणि घोड्याकडे पाठ करून खाली बसला. वारा सात वेळा डोक्यावरून गेला. आठव्यांदा तो थांबला, आणि सटवाजीच्या खांद्यावर ओले नाक टेकले.

विरूपनाथ उठून उभा राहिला. असे शंभर वर्षांत झाले नव्हते, आणि त्याचे गुडघेही तसे सांगत होते. त्याने वाळल्या गवताची एक जुडी पुढे केली.

"हिने चोळ, घोडा जागा होईल. शाप सुटला की घटका मोजायचे भोकाचे भांडे पाण्यात सोड. भांडे बुडेपर्यंत तुझ्या राजाला 'दिले' याखेरीज शब्द उच्चारता येणार नाही. मात्र माणशी मागणे एकच. समजले?"

"जी."

"काय मागशील?"

"अर्ज आहे एक, महाराज. अकरा वर्षांचा."

तिसऱ्या पौर्णिमेच्या सकाळी सटवाजी मैदानावर पोचला. त्याने बरगडीला कान लावला. दोन ठोक्यांमध्ये एक दीर्घ श्वास घेता येईल इतके अंतर पडले होते. त्याने दरोग्याला मांत्रिकाचे म्हणणे सांगितले, शाप सुटताच घटकेचे भांडे पाण्यात सोडायला सांगितले आणि जुडीने चोळायला सुरुवात केली. मानेवर दगड तापला. पाठीवर केस उगवले. राजा खोगिरासकट खाली घसरून धुळीत बसला. आणि नक्षत्राने मान झटकली.

तीन महिने दगडात कोंडलेला घोडा. अंग घामाने निथळत होते, पाय लटपटत होते, डोळ्यांची पांढरी कड दिसत होती. आणि तो थेट गार पाण्याच्या हौदाकडे निघाला.

तापलेल्या घोड्याने गार पाणी प्यायले की पोटशूळ उठतो आणि संध्याकाळपर्यंत घोडा संपतो. हे राजाला ठाऊक नव्हते, दरोग्याला एकेकाळी ठाऊक होते. हौदापाशी पोचण्याआधीच सटवाजीने त्याला गाठले, दोरी धरली आणि मैदानाच्या कडेने सावकाश फिरवायला सुरुवात केली.

"सटवाजी!" साळुंकी किंचाळली. "राजा तिकडे आहे! वहाणा म्हण, जोंधळे म्हण, एकदा ओरड!"

"हळू," सटवाजी कुजबुजला. "बुजलेल्या घोड्याजवळ कोणी ओरडतं का? चल रे राजा, चल... चल माझ्या वाघा..."

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दरोगा रायभान राजाला धुळीतून उठवत होता.

"महाराज, मला पालखी मिळावी."

"दिले," राजा म्हणाला आणि स्वतःच दचकला.

प्रधानाने मुलासाठी मुलकी कारभार मागितला. दिले. गुडघेदुखीच्या सरदाराने धावत येऊन तीन गावे मागितली. दिले. राजकवीने पदवी मागितली, आचाऱ्याने आचारीपण सोडायची मुभा मागितली. दिले, दिले.

पहिली फेरी झाली. नक्षत्राचा श्वास अजून तुटक होता. दुसरी झाली. मानेवरचा घाम वाळला, पाठीवरचा नाही. भांडे गळ्यापर्यंत बुडाले होते. तिसऱ्या फेरीला सटवाजी राजासमोरून जाऊ लागला.

"आता!" साळुंकी हलक्या आवाजात म्हणाली. तिलाही तेवढे कळू लागले होते.

सटवाजीने तोंड उघडले. तेवढ्यात डोंगराकडून गार झुळूक आली आणि त्याच्या हाताखाली नक्षत्राच्या कातडीवर शहारा उठला. थंडी भरली.

"महाराज, कोमट पाणी आणि झूल! लवकर!"

"दिले," राजा म्हणाला.

भांडे बुडाले.

पाणी आले, झूल आली. नक्षत्र घोट घोट पाणी प्याला, आणि झुलीखाली त्याचा थरकाप थांबला. साळुंकीने आधी बुडालेल्या भांड्याकडे पाहिले, मग सटवाजीच्या पायांकडे.

"मग काय करायला हवं होतं मी?" सटवाजीने विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "तू मोतद्दार आहेस."

शाप सुटला, खोगीर तळघरात गेले, राज्य पूर्वपदावर आले. पुढच्या वर्षी प्रदर्शनात नक्षत्र सटवाजी पुढे चालल्याशिवाय पाऊल उचलीना. ही राजाच्या शिकवणीची कमाल आहे, असे निवाड्यात नमूद झाले. तुरा राजाला मिळाला. त्या दिवशी राजाला काहीतरी आठवले.

"या माणसाचा एखादा अर्ज होता ना?"

"आहे, महाराज," प्रधान म्हणाला.

दप्तरातून कागद निघाला, आणि बारा वर्षांत प्रथमच त्याच्यावर शेरा पडला : 'अर्जदाराचे एक मागणे (कोमट पाणी व झूल) यापूर्वी मंजूर झाले आहे. त्याच अर्जदाराचे दुसरे मागणे विचारात घेता येईल किंवा कसे, याबाबत पागेच्या दरोग्याचा अभिप्राय मागवावा.'

दरोगा पालखीतून फिरतीवर आहे. सटवाजी नक्षत्राला खरारा करत आहे. अर्ज प्रलंबित आहे.