ठकूबाईचा फेर

त्या डोंगरात अजून गाडीचं चाक पोचलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. निवळीच्या डोंगरावर माथ्याला धनगरवाडा होता आणि पायथ्याला गाव. गावात ठकूबाई नावाची सुईण होती. असं म्हणतात, तिची चाहूल लागली की पोटातलं मूल आपण होऊन डोकं खाली घ्यायचं.

वाड्यावरून खाली यायला एकच वाट, घळीतून सरळ उतरणारी. एका पावसाळ्यात वाड्यावरची रखमा अडली. तिचा नवरा बिरा आणि त्याचे भाऊ तिला डोलीत घालून निघाले. ठकूबाई खालून चढू लागली. पण घळीत दगड सुटला, डोली कलंडली. ठकूबाई पोचली तेव्हा रखमा गेली होती, आणि तिच्या पोटातलं मूलही.

ठकूबाई घरी गेलीच नाही. घळीच्या तोंडाशी बसून राहिली. पाऊस उघडला तेव्हा तिला दिसलं, समोरच्या ऐनाच्या झाडाला विळखे घालत घालत वेल पार शेंड्याला पोचली होती. आभाळात एक घार पंखही न हलवता गोल फिरत वर वर चढत होती. पायाशी गोगलगाय चालली होती, तिच्या पाठीवरचं घरसुद्धा वळत वळतच वाढलेलं.

ठकूबाई उठली आणि कुदळ घेऊन डोंगराला वळसा घालणारी वाट खणायला लागली.

पाटील म्हणाले, "अगं ठके, असे वेढे घेत गेलीस तर वाट केवढी लांबेल!"

"लांबू दे, पाटील. मूलसुद्धा आत अंग वळवून घेतं, तेव्हा बाहेर येतं. सरळ ओढलं तर हाती लागत नाही."

दुसऱ्या दिवशी बिरा पहार घेऊन आला. तिच्या शेजारी खणू लागला. मग वाडा आला, मग गाव आलं.

अर्ध्या डोंगरावर काळा कातळ आडवा आला. पहारी वाकल्या, माणसं हताश होऊन बसली. असं म्हणतात, तेव्हा ठकूबाईने तळव्यांना तेल चोळलं, अडलेल्या बाईच्या पोटावरून फिरवावेत तसे हात कातळावरून फिरवले आणि म्हणाली, "वळ रे राजा, थोडा वळ." डोंगराच्या पोटात गुडगुडलं, आणि कातळ कुशीवर वळला.

पुढच्या पावसाळ्यात बिराची बहीण धुरपा अडली. मुसळधार पावसात डोली वेढ्यावेढ्याने उतरली, कुणाचा पाय सरकला नाही. खालच्या वळणावर ठकूबाई उभी होती. तिथेच पोर जन्मली. भाचीला हातात घेऊन बिरा रखमा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडला.

ठकूबाई कधी गेली, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. म्हातारपणी एका सकाळी ती वाट चढत गेली. असं म्हणतात, माथा संपला तरी ती वळणं घेत वरच जाताना दिसत राहिली.

आजही बाळंतपणाची डोली त्या वाटेने उतरते, तेव्हा प्रत्येक वळणावर पुढचा माणूस हाक देतो, "ठकूबाई, वळण आलं!" आणि आतली बाई, कळा कितीही येत असोत, दात आवळून म्हणते, "वळव गं माये."