मान अडकलेला कॅमेरा

वादळात आमच्या वाडीच्या होड्या फुटल्या, बरं का. पंचनाम्याचे साहेब गाडीतून उतरेनात, ड्रोनच उडवला. तो माडावर आपटला आणि कॅमेरा सावरणारा गिंबल मोडला. मोबाईलवाल्या रमाकांतने खटपट करून तो जोडला, पण कॅमेऱ्याची मान वरच अडकली. फोटोत नुसतं आभाळ.

साहेब म्हणाले, "फोटोत फुटकी होडी दिसत नाही. नुकसान शून्य लिहितो."

भरपाई गेली म्हणजे नवी होडी नाही, आमचा समुद्रच गेला.

म्हातारी चांगुणा हळूच म्हणाली, "फोटोत तुम्हीपण दिसत नाही, साहेब. मग शून्य लिहितंय कोण?"

साहेब गाडीतून उतरले. कॅमेऱ्याची मान काही वाकली नाही. साहेबांची वाकली, आमच्या फुटक्या फळ्यांवर. तिथे बघण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं.