कुणीच न ठेवलेला दगड

नदीकाठच्या एका जंगलात एक सायाळ राहत असे. पाठीवर भाल्यांसारखे काटे, पायांत घोटाळणारी दोन पिल्लं आणि डोक्यात सदा काळजी. साधं पान हललं तरी तिचे काटे खळखळ वाजत. "वाजली बघा काळजी!" म्हणून शेजारपाजारचे हसत. तीही हसे. 'खरंच, मी जरा अतीच करते,' असं स्वतःला बजावी, आणि वळून पुन्हा पिल्लं मोजी. दोनच तर होती, तरी मोजी.

तर मुलांनो, या जंगलात बिळं-घरटी सगळी नदीच्या अलीकडे आणि कंद, बोरं, कोवळं गवत सगळं पलीकडे. जायचं तर काटेरी रानातून लांबचा वळसा. म्हणून सभा भरली आणि ठरलं, की पायी जाणाऱ्यांसाठी नदीत दगडांची वाट करायची. आखणी माकडाकडे सोपवली, कारण झाडाच्या शेंड्यावरून त्याला सगळं जंगल दिसे. मोजमाप मात्र जुन्या रीतीनं झालं. त्या जंगलात कुठलीही नवी वाट गव्याच्या पावलानं मोजत. गवा नदीतून डुलत चालला आणि जिथे त्याचा खूर पडला, तिथे दगड बसला. वाट झाली सरळ, देखणी. हरणं टणाटण उड्या मारत पार गेली.

सायाळ पहिल्या दगडावर उभी राहिली. दुसरा दगड कुठल्या कुठे!

"माकडभाऊजी," तिनं खालून हाक मारली, "मधल्या फटींत एकेक लहान दगड टाकाल का? आमच्या पिल्लांचं पाऊल पुरत नाही हो."

"वहिनी, पिल्लं काय जन्मभर एवढीच राहणार आहेत?" माकड फांदीवरूनच म्हणालं. "इथून बघा, कशी रेघेसारखी दिसतेय वाट!"

"तिथूनच चालायचं असतं तर विचारलं कशाला असतं?" सायाळ पुटपुटली, पण आपली स्वतःशीच. गव्यानं "बघू पुढच्या उन्हाळ्यात" म्हणत शेपटी उडवली आणि सभा उठली.

पुढे एका सकाळी नदीवर दाट धुकं उतरलं होतं. ते विरळ झालं तेव्हा सगळ्यांत रुंद फटीत एक दगड दिसला. काळा, बुटका, खरबरीत. अगदी पिल्लाच्या पावलाला पुरेल एवढा.

"आलं गं बाई माकडाच्या ध्यानात!" शेजारची ससीण आनंदानं म्हणाली.

"भाऊजी, तुम्हीच ठेवलात ना?" सायाळीनं विचारलं.

माकडानं काही तो ठेवला नव्हता. पण सगळे मोठ्या कौतुकानं वर बघत होते. त्यानं घसा खाकरला. "मग काय, आपण होऊन चालत आला?"

सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून लहानसहान जीव बिनधास्त त्या वाटेनं जाऊ लागले.

सायाळ मात्र पिल्लांना धरून काठावर बसून राही. इतर दगडांवर धोबी पक्षी शेपट्या नाचवत. या दगडावर एकही उतरत नसे. इतर दगडांना वळसा घालताना पाणी खळखळे. याच्यापाशी आलं की गप्प होई. एके संध्याकाळी ससिणीचं धाकटं परतलं नाही. "मावशीकडे राहिलं असेल," सगळे म्हणाले. ससीणही तेच म्हणाली, पुन्हा पुन्हा म्हणाली, आणि दर वेळी तिचा आवाज बारीक होत गेला.

दुसऱ्या दिवशी तो दगड अलीकडच्या फटीत होता, काठाच्या जवळ.

"धारेनं सरकला असेल," माकड वरून म्हणालं.

पण धार काठाकडे येत नव्हती. दगड आला होता. सायाळीचे काटे वाजू लागले. 'गप्प बस,' ती मनाशी म्हणाली, 'तुला मेलीला दगडाचीही भीती. उद्या स्वतःच्या सावलीला भिशील!' एवढ्यात धाकट्या पिल्लानं तिच्या कुशीतून अंग सोडवून घेतलं आणि पहिल्या दगडावर उडी मारली.

"आई, सगळे जातात! मीच काय बाळ आहे?"

त्यानं पुढचं पाऊल उचललं.

"थांब!" सायाळ अशी ओरडली, की पिल्लू जागच्या जागी थिजलं. ती धावत त्याच्यापाशी गेली, पाठ वळवली आणि सगळं अंग झाडलं. एक काटा सुटला आणि त्या काळ्या दगडावर टक्कन आपटला.

दगडानं पापणी मिटली. मग हळूच उघडली.

सायाळीनं पिल्लाला तोंडात धरून काठ गाठला. मागे वळून पाहते तो पाण्यातून दोन पिवळे डोळे तिच्याकडे शांतपणे बघत होते.

"रागावू नका, बाई," मगर हलक्या आवाजात म्हणाली. "फट काही मी पाडली नाही. तुम्ही सोडलीत, मी भरली." आणि एकही बुडबुडा न काढता ती खाली गेली.

सायाळ तडक सभेत शिरली. या वेळी तिचे काटे वाजले तेव्हा कुणी हसलं नाही. "कुणी ठेवला होता तो दगड?" तिनं विचारलं. माकड फांदीवर आक्रसून बसलं. "मी नाही," ते शेवटी म्हणालं. गव्यानं मान खाली घालून आपल्याच खुरांकडे पाहिलं. मग माकडाला म्हणाला, "खाली ये. यापुढे आखणारा स्वतः वाटेवरून चालेल आणि मोजणारं पिल्लू असेल."

वाट पुन्हा झाली. उथळ पाण्यातून, थोडी वाकडी, पण बिनफटीची. सायाळीचं धाकटं पुढे चाललं आणि जिथे त्याचं इवलंसं पाऊल टेकलं, तिथे गव्यानं दगड बसवला. माकड पोटापर्यंत पाण्यात उभं राहून एकेक दगड हलवून बघत होतं. उड्या मारत जाणाऱ्या हरणांसाठी शेजारी वेगळी ओळ झाली, म्हणजे त्यांची धडक कुणाला लागायला नको.

आता त्या वाटेनं सगळे जातात. सायाळही जाते. पण पिल्लांना पुढे सोडण्याआधी ती दर दगडावर काट्यानं टक् टक् करते. कुणी हसत नाही. पलीकडच्या काठावर ससीण बसलेली असते, आणि प्रत्येक टक् टक् झाली की तिचे कान उभे राहतात.

तात्पर्य : वाट ज्याचं पाऊल सगळ्यांत लहान, त्याच्या पावलानं मोजावी. दुबळ्यांच्या वाटेत आपण सोडलेली फट रिकामी राहत नाही. ती भरायला संकट टपलेलंच असतं.