झंपराच्या गळ्यातली चिठ्ठी

कपडे बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत, त्या काळातली ही गोष्ट. गडहिंग्लजच्या इरव्वाने उन्हाळ्यात घालायचा मलमलचा झंपर शिवला आणि गळ्याभोवती कसुतीचे राघू भरले. प्रदर्शनात ज्याचं भरतकाम पहिलं येईल, त्याला शाळेत कसुती शिकवायचं काम मिळणार होतं. दुकानदार धन्यकुमारने झंपरावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी टाचली आणि तो प्रदर्शनात मांडला. "कापड माझं, म्हणजे कामही माझंच," असं तो म्हणे.

"उतर खाली," झंपर चिठ्ठीला म्हणाला.

"गप रे! लोक अक्षरं वाचतात, टाके नाही," चिठ्ठी फणकारली.

"खोटं गळ्यात घालून मी मिरवणार नाही."

परीक्षक गंगूताई धन्यकुमारपाशी आल्या, तसा झंपर सगळ्यांदेखत ओरडला, "ताई, हे काम यांचं नव्हे! माझ्या बाहीवर यांना एक राघू भरायला सांगा."

गंगूताईंनी सुईदोरा पुढे केला. धन्यकुमारने ऐटीत दोरा ओवला आणि टोकाला गाठ मारली.

गंगूताईंनी झंपर उलटा केला. आतूनही राघू तसेच नेटके होते, गाठ एकही नव्हती.

"कसुतीला गाठ मारत नाहीत, धन्यकुमार. एवढंही ठाऊक नाही?" त्यांनी चिठ्ठी उसवली आणि झंपराला विचारलं, "कुणी भरलंय रे? नाव सांग."

"मी कशाला सांगू? ती केव्हाची दाराबाहेर उभी आहे. तिला आत घ्या आणि तिलाच विचारा."