न मोजलेला दिवा

सूर्य नुकताच मावळला होता. स्थळ, कोकण किनाऱ्यावरच्या एका गावातले सिनेगॉग. हनुक्का या दिव्यांच्या सणाची ती पहिली संध्याकाळ होती. आठ दिवस रोज एकेक दिवा वाढवत न्यायचा, असा हा सण. पण बेने इस्राएलांच्या, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंच्या, त्या लाकडी पाटावर तेलाचे पेले मात्र नऊ असतात. नववा जरा उंचावर. तो आधी लावायचा आणि त्याने बाकीचे पेटवायचे. त्याला शमाश म्हणतात, म्हणजे सेवक. तो मोजणीत धरत नाहीत.

त्या संध्याकाळी तिथल्या वृद्ध हजानाने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या गुरूने, तो नववा पेला घरीच ठेवला.

दाराशी त्याचा शिष्य उभा होता. शिष्याची आई मालन त्याच सकाळी वारली होती. ती जन्माने हिंदू. ज्यू दफनभूमीत नवऱ्याच्या शेजारी मला जागा द्या, एवढेच तिने मागितले होते. सिनेगॉगच्या मंडळाचे प्रमुख असलेल्या मुकादमांनी दुपारी नकार दिला. "संध्याकाळी ये," हजान शिष्याला म्हणाले होते, "एकदा बोलून बघतो."

"हजानकाका, नववा पेला कुठंय?" मुकादमांनी विचारले.

"तो मोजत नाही ना आपण? मग उगाच कशाला वाहून आणायचा?"

"स्वतः विसरला, आणि वर आपल्यालाच ऐकवतोय म्हातारा!" मागून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला.

हजान हसले नाहीत. "विसरलो नाही. ही मालन लग्न होऊन आली तेव्हापासून दर शुक्रवारी तिनं शब्बाथचे दिवे लावले, प्रार्थनेसाठी काळ्या मनुकांचं सरबत केलं, पोराला माझ्याकडं शिकायला धाडलं. दिवाळीत ती पणत्या लावायची, तेव्हा नवरा तेलाची बाटली धरून उभा असायचा. एकाच कोनाड्यात दोन्ही सण नांदले. कुणी कुणाला विझवलं नाही. आणि मुकादम, प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नवसाचा मलिदा कोण कालवायचं? पोहे, गूळ, खोबरं, सगळं तिच्याच हातचं. मलिदा खाताना तिचं कूळ विचारलंत? कूळ आठवलं ते जागा द्यायची वेळ आली तेव्हा! ज्याच्यामुळं बाकीचे पेटतात त्याला मोजायचं नसेल, तर त्याच्यावाचून पेटवून दाखवा."

एका बाईने डोळ्यांना पदर लावला. मुकादमांनी मान खाली घातली. शिष्याच्या छातीवरचा धोंडा जरा हलला. समजले यांना, त्याला वाटले. आता आई बाबांजवळ जाईल.

मुकादमांनी मान वर केली आणि खिशातून लायटर काढला.

"काका, तुमचं पटतं हो. पण नियम तो नियम. आणि लोक खोळंबलेत."

खट्. पहिला दिवा लागला. छान लागला. सेवकावाचून त्याचे काही अडले नाही. मघाशी हसणाऱ्यांनी आणि रडणाऱ्या बाईनेही खणखणीत आवाजात प्रार्थना म्हटली.

बाहेर आल्यावर शिष्याचा बांध फुटला. "काका, त्यांना कळलंच नाही!"

"कळलं रे बाबा," हजान पायरीवर बसत म्हणाले. "कळलं नसतं, तर उद्या पुन्हा सांगितलं असतं."

शिष्य त्यांच्या शेजारी बसला. विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मालनला गावच्या स्मशानात अग्नी दिला. ज्यूंची दफनभूमी वाटेतच लागते. तिच्या फाटकाशी हजान थांबले, आणि घरून खिशात घालून आणलेला नववा पेला त्यांनी खांबाच्या पायथ्याशी ठेवला.

त्या गावातली बहुतेक ज्यू कुटुंबे केव्हाच इस्राएलला गेली. दफनभूमीत गवत माजले आहे. मालनच्या नवऱ्याशेजारची जागा आजही रिकामी आहे, आणि ती कोणासाठी राखून ठेवली आहे, हे मुकादमांनी अजून सांगितलेले नाही.