इंग्वार पंडिताचा नकाशा

दूर उत्तरेला, वर्षातले सात महिने जिथं बर्फ हलत नाही, तिथं समुद्रात घुसलेला एक द्वीपकल्प होता. तीन बाजूंना खारं पाणी, चौथ्या बाजूला डोंगर. वस्ती म्हणाल तर जेमतेम तीन गावांची. दक्षिणेच्या राजाने या मुलखाचा नकाशा आणि इतिहास लिहायला इंग्वार नावाच्या पंडिताला धाडलं.

इंग्वार हुशार होता, पण धीर म्हणून नव्हता. पहिल्याच आठवड्यात तो मेटाकुटीला आला. एका खाडीचं नाव विचारलं, तर एक गाव म्हणे 'होडीखाऊ', दुसरं म्हणे 'विधवांची खाडी' आणि तिसरं म्हणे 'भरतीला जाऊ नको'.

"अहो, हे काय नाव झालं?" तो वैतागून म्हणाला. "काय ते एक ठरवा ना!"

सुनीवा नावाची म्हातारी कोळीण जाळं विणत बसली होती. ती म्हणाली, "ज्या गावाचं जे बुडालं, जो धडा मिळाला, त्यावरून त्यानं नाव ठेवलं. बसा, सांगते. माझ्या आजेसासूच्या वेळी…"

"आजी, तिथपासून सुरुवात केलीत तर माझा जन्म इथंच जायचा!"

इंग्वारने तिन्ही नावं खोडली आणि स्वतःच्या मनाने एक सुरेख नाव लिहिलं: 'राजशांती बंदर'. इतिहासाच्या पानावर लिहिलं: 'येथे विशेष काही घडलेले नाही.'

राजा खूश झाला. पुढच्या वर्षी थंडीच्या तोंडावर त्याने तिकडे धान्याचं तारू पाठवलं. इंग्वारही सोबत होता. तांडेलाने नकाशा पाहिला आणि ऐन भरतीत तारू त्या 'बंदरात' घातलं. पाण्याखाली दडलेल्या खडकांनी तळ फाडला. सुनीवाच्या गावाने होड्या पाण्यात घातल्या म्हणून माणसं वाचली. धान्य मात्र सगळं बुडालं.

किनाऱ्यावर कुडकुडणाऱ्या इंग्वारवर म्हातारी कडाडली, "तीन गावं कंठशोष करून सांगत होती! आता हिवाळाभर आम्ही काय तुमचा कागद खायचा?"

इंग्वारला मान वर करवेना. त्या हिवाळ्यात तो परत गेला नाही. लोकांबरोबर अर्धपोटी राहिला. रोज एका घरी जाऊन बसला. कुणी कितीही पाल्हाळ लावलं तरी मधे बोलला नाही.

बर्फ वितळल्यावर त्याने तिन्ही गावांनी सांगितलेली नावं जशीच्या तशी लिहिलेला नवा नकाशा दरबारात ठेवला. राजा कुरकुरला, "केवढी ही लांबलचक नावं!"

इंग्वार म्हणाला, "महाराज, वाचायला वेळ लागतो खरा. पण तारू बुडायला तेवढाही लागत नाही."

तात्पर्य: कोणताही मुलूख जाणून घ्यायचा तर तिथं राहणाऱ्यांचं आधी ऐकावं. ऐकायचा कंटाळा एक जण करतो, पण त्याचे हाल दुसऱ्यांना भोगावे लागतात.